पुढे घाट नसलेला रस्ता

कामशेतला जुना मुंबई-पुणे महामार्ग सोडून सायकल नाणे मावळाकडे वळली, की पहिल्या काही किलोमीटरांतच एक बदल जाणवतो. मागून येणाऱ्या गाडीकडे लागलेला कान सैल पडतो. महामार्गावर ट्रक जवळून गेला की खांदे आखडत होते, हँडलवरची पकड घट्ट होत होती, ते थांबते. नाणे, करंजगाव, गोवित्री अशी गावे मागे टाकत रस्ता डोंगरांच्या दोन रांगांमधून पश्चिमेकडे जातो आणि जांभवलीला संपतो. पुढे कोंडेश्वराचे देऊळ, ढाक-बहिरीचा डोंगर आणि सह्याद्रीचा कडा. कड्याखाली कर्जतचा मुलूख आहे, पण तिकडे उतरते ती फक्त पायवाट. मोटारीला पुढे जाण्याची सोय नाही, म्हणूनच या रस्त्यावर मोटारी कमी.

चाळिशी-पन्नाशीत साखर किंवा रक्तदाब वाढल्याचा अहवाल हातात पडल्यावर अनेक जण सायकल विकत घेतात. कोणती सायकल घ्यायची यावर महिनाभर चर्चा होते. ती कोणत्या रस्त्यावर चालवायची याचा विचार मात्र क्वचितच होतो. प्रत्यक्षात फुप्फुसे, हृदय आणि जीव या तिन्हींच्या दृष्टीने सायकलीच्या किमतीपेक्षा रस्त्याची निवड अधिक महत्त्वाची ठरते. डोंगरातला शांत रस्ता हा उत्तम व्यायाम आहे. पण तो सपाट रस्त्यासारखा वागत नाही, आणि तिथे काही बिघडले तर मदतही जवळ नसते.

खोऱ्यांची रचना

पुण्याच्या पश्चिमेचा नकाशा पाहिला तर नद्या सह्याद्रीच्या कड्यालगत उगम पावून पूर्वेकडे वाहताना दिसतात. इंद्रायणी, पवना, मुळा, मोसे, आंबी अशी ही खोरी शेजारीशेजारी आहेत आणि त्यांच्यामध्ये डोंगराच्या रांगा. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे किल्ले अशाच डोंगरांवर उभे आहेत. साहजिकच इथले रस्ते दोन प्रकारचे. नदीच्या कडेने खोऱ्यात वर जाणारा रस्ता हळूहळू चढतो, मध्येच एखादा ओढा ओलांडायला उतरतो आणि पुन्हा चढतो. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाणारा रस्ता मात्र खिंड ओलांडतो. लोणावळ्याकडून पवना धरणाकडे उतरताना लागणारी दुधिवरे खिंड हे त्याचे उदाहरण. तिथला चढ लहान पण खडा असतो.

वाहनांची संख्या ठरते ती खोऱ्याच्या टोकाला काय आहे यावरून. मुळशीच्या खोऱ्यातून रस्ता ताम्हिणी घाटाने कोकणात उतरतो, त्यामुळे तिथे मालवाहतूकही आहे आणि पावसाळ्यात पर्यटकांच्या गाड्यांची रांगही. नाणे मावळाच्या टोकाला गाडीचा घाट नाही, म्हणून तिथे फिरतात ती एसटी, दुधाच्या मोटारसायकली, ट्रॅक्टर आणि गावची माणसे. पानशेत धरणाच्या मागे शिरकोलीच्या बाजूला गेले तरी हाच अनुभव येतो. शांत रस्ता शोधणाऱ्याने नकाशावर आधी हे पाहावे: या रस्त्याने मोटार कुठे दुसरीकडे पोहोचते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो रस्ता सायकलीसाठी चांगला असण्याची शक्यता अधिक. अपवाद धरणाकाठच्या सहलीच्या ठिकाणांचा. पवनेच्या काठाने सुट्टीच्या दिवशी दुपारनंतर शहरातली वाहने तिथेही येतात. हाच रस्ता आठवड्याच्या मधल्या दिवशी किंवा सकाळी अगदी वेगळा असतो.

श्वासातून काय जाते

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. मध्यम गतीने सायकल चालवताना हेच प्रमाण ४० ते ६० लिटरपर्यंत जाते, आणि कठीण चढावर त्याहूनही वाढते. शिवाय दम लागला की श्वास नाकाऐवजी तोंडाने सुरू होतो. नाकात जी थोडीफार गाळणी होते, तीही टळते. म्हणजे त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वेळात, मोटारीत बसलेल्या माणसापेक्षा सायकलस्वाराच्या फुप्फुसांत कितीतरी अधिक हवा जाते. हवेत धूर असेल तर तोही त्याच प्रमाणात.

हा फरक शरीरात दिसतो का, याचा शोध लंडनमध्ये घेतला गेला. तिथल्या संशोधकांनी ६० वर्षांवरील ११९ जणांना दोन वेगवेगळ्या दिवशी दोन-दोन तास चालवले: एकदा हाइड पार्कमध्ये आणि एकदा डिझेलच्या बस-टॅक्सींनी गजबजलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर. त्यात निरोगी माणसे होती, फुप्फुसांचा जुना विकार असलेली होती आणि हृदयविकार असलेलीही. ‘लॅन्सेट’मध्ये २०१८ साली छापलेल्या या अभ्यासानुसार, बागेत चालल्यावर फुप्फुसांची क्षमता सुधारली आणि धमन्यांचा ताठरपणा कमी झाला. रहदारीच्या रस्त्यावर तेवढेच चालूनही हा फायदा बराचसा विरून गेला. पाय सारखेच चालले, वेळ सारखाच गेला; फरक रस्त्याचा होता.

याचा अर्थ शहरात सायकल चालवूच नये, असा मात्र नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली व्यायामाचा फायदा आणि प्रदूषणाचा तोटा यांचा एकत्र हिशोब मांडला. पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असलेल्या शहरातही रोज दीड तासाच्या सायकलिंगपर्यंत फायद्याचे पारडे जड राहते, असे त्यांच्या गणितात निघाले. इतकी खराब हवा वर्षभर असलेली शहरे जगात फार थोडी आहेत. तुलनेसाठी, भारतातील वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली मर्यादा अवघी ५. तेव्हा रोजच्या कामाला सायकल न्यावीच. पण दोन-तीन तासांच्या मोठ्या फेरीसाठी धूर कमी असलेला रस्ता गाठणे शहाणपणाचे.

खोऱ्यांबाबत एक खबरदारी मात्र आहे. हिवाळ्यात रात्री थंड, जड हवा डोंगरउतारावरून घसरून खोऱ्याच्या तळाशी साचते. वरचा उबदार थर तिच्यावर झाकणासारखा बसतो. चुलींचा, शेकोट्यांचा आणि जाळलेल्या पाल्याचा धूर या झाकणाखाली अडकतो. धुक्यात मिसळलेला निळसर पट्टा पहाटे दिसतो, तो हाच. ऊन पडून जमीन तापली की हवा वर उठते आणि धूर पांगतो. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत अंधारात निघण्याची घाई नको. सूर्योदयानंतर तासाभराने निघालेले बरे, दम्याच्या रुग्णांनी तर नक्कीच.

चढाचा हिशोब

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची ताकद मुख्यतः हवा कापण्यात आणि चाकांच्या घर्षणात जाते. चढावर या दोन्हींपेक्षा मोठा वाटा गुरुत्वाकर्षणाचा असतो. समजा, ७० किलोचा माणूस १२ किलोच्या सायकलीवर आहे. सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने जायला त्याला साधारण ७० वॅट शक्ती पुरते. रस्ता ५ टक्क्यांनी चढू लागला, म्हणजे १०० मीटर अंतरात ५ मीटर उंची, तर वेग निम्मा करून ताशी १० वर आणला तरी सुमारे १३० वॅट लागतात. चढ १० टक्क्यांचा झाला, तर चालण्याच्या वेगाने, ताशी ६ किलोमीटरने, सायकल ढकलायलाही जवळपास १४० वॅट हवेत.

सपाट रस्त्यावर दमलेला माणूस वेग कमी करतो आणि श्रम जवळजवळ नाहीसे होतात. खड्या चढावर ही सोय नाही. वेग एका मर्यादेखाली गेला की सायकल डगमगते आणि पाय टेकावा लागतो. तेवढा किमान वेग राखण्यासाठी लागणारी शक्ती ज्याच्या पायांत आणि हृदयात नाही, त्याच्यापुढे दोनच पर्याय उरतात: अंगाबाहेर जोर लावणे किंवा खाली उतरून चालणे.

शरीराची कार्यक्षमता २० ते २५ टक्के असते. म्हणजे पायडलवर १३० वॅट पोहोचवायचे तर शरीराला आत त्याच्या चार-साडेचार पट ऊर्जा खर्च करावी लागते. मिनिटाला सुमारे ८ किलोकॅलरी. उरलेली सगळी उष्णता. चढावर वेग कमी, त्यामुळे अंगावर वारा नाही आणि घाम लवकर सुकत नाही. सपाटीवर न जाणवणारे ऊन चढावर असह्य होते ते यामुळेच.

खोऱ्यातल्या चढ-उतारांचा रस्ता हृदयाला मानवतो, कारण तिथे श्रम आणि विश्रांती आपोआप आलटून पालटून येतात. दोन-तीन मिनिटांचा चढ नाडी वाढवतो, पुढचा उतार तिला खाली आणतो. व्यायामशाळेत यंत्रावर घड्याळ लावून हेच करून घेतात. पायडल मारताना गुडघ्यावर धावण्यासारखे आदळआपटीचे हादरे बसत नाहीत, त्यामुळे वजन जास्त असलेल्यांनाही हा व्यायाम झेपतो. त्यासाठी बैठकीची उंची बरोबर हवी. टाच पायडलवर ठेवून ते अगदी खाली नेले की गुडघा सरळ व्हायला हवा. बैठक त्याहून खाली असेल आणि चढावर जड गिअर रेटला जात असेल, तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. चढ दिसताच, सुरू होण्याआधीच, पुढची लहान आणि मागची मोठी चकती घ्यावी आणि पाय हलके, भरभर फिरू द्यावेत.

हृदयाची तयारी

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस आहे, की प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम करावा. कामशेतहून जांभवलीला जाऊन परत आले तर एका सकाळी यातला मोठा वाटा पूर्ण होतो. फक्त रविवारी सायकल चालवणाऱ्यांसाठी दिलाशाची गोष्टही आहे. ब्रिटनमधील सुमारे ९० हजार लोकांच्या मनगटावर हालचाल मोजणारी यंत्रे बांधून केलेल्या अभ्यासात (‘जामा’, २०२३) आठवड्याचा व्यायाम एक-दोन दिवसांतच उरकणाऱ्यांमध्येही हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका कमी आढळला. रोज थोडा-थोडा व्यायाम करणाऱ्यांइतकाच.

पण याला एक दुसरी बाजू आहे. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आलेल्या १,२२८ रुग्णांना झटक्यापूर्वी ते काय करत होते हे विचारण्यात आले. १९९३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या या अभ्यासात, जोरदार श्रमानंतरच्या एका तासात झटक्याचा धोका सरासरी सहापट दिसला. ही सरासरी फसवी आहे. आठवड्यात पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांमध्ये तो अडीचपटीच्या आत होता. एरवी व्यायामच न करणाऱ्यांमध्ये मात्र शंभरपटीहून अधिक. एका तासापुरता मूळ धोका फारच लहान असतो, त्यामुळे या आकड्याने घाबरून घरी बसण्याचे कारण नाही. बैठ्या जीवनाचा धोका त्याहून मोठा आणि रोजचा आहे. पण वर्षानुवर्षे खुर्चीवर बसलेल्या माणसाने पहिल्याच रविवारी मित्रांच्या नादाने खिंड चढायला घेणे, हाच तो शंभरपटीचा तास असू शकतो.

म्हणून तयारी शहरातच सुरू व्हावी. आठवड्यात तीन-चार दिवस अर्धा तास भरभर चालणे किंवा सपाटीवर सायकल, असे सहा ते आठ आठवडे. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात लवकर हृदयविकार झाल्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांचा सल्ला आधी. चढावर श्रम किती होतात हे पाहण्याची सोपी कसोटी बोलण्याची आहे. पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर श्रम मध्यम; दोन-तीन शब्दांतच श्वास तुटत असेल तर जोमदार; बोलताच येत नसेल तर थांबावे. २२० वजा वय हे नाडीचे सूत्र ढोबळ आहे, त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली औषधे घेणाऱ्यांची नाडी तर औषधामुळेच वाढत नाही, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळाचा आकडा त्यांना खोटा धीर देऊ शकतो.

छातीत दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत दुखणे, अंगाला थंड घाम, अचानक चक्कर यातले काहीही झाले तर ते पित्त समजून पुढे जाऊ नये. उतरावे, सावलीत बसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. खोऱ्याच्या आतल्या भागात मोबाइलला रेंज नसण्याची शक्यता असते. ज्या शांततेसाठी तिथे जायचे, तिची ही दुसरी बाजू. म्हणून एकट्याने जाऊ नये, आणि शेवटचे मोठे गाव कोणते हे लक्षात ठेवावे.

उतार

चढाची भीती सगळ्यांना असते. पडण्याचे प्रसंग मात्र उतारावर अधिक येतात. वर उल्लेखलेला ८२ किलोचा सायकल-माणूस २०० मीटर उंचीवरून खाली येतो, तेव्हा अर्धा लिटर पाणी उकळता येईल इतकी ऊर्जा मोकळी होते. त्यातली काही हवेत जाते. उरलेली ब्रेकना उष्णतेच्या रूपात पचवावी लागते. सतत दाबून धरलेले ब्रेक तापतात आणि त्यांची पकड घटते. म्हणून वळणाआधी सरळ रस्त्यावरच दोन्ही ब्रेक दाबून वेग कमी करावा, मग सोडावेत, वळणात शक्यतो दाबू नयेत. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. रस्ता ओला असेल तर आणखी वाढते.

रिकाम्या रस्त्यावर समोरून कोणी येणार नाही असे वाटू लागते. पण वळणापलीकडे म्हशींचा कळप असतो, वाळत घातलेले भात असते, पावसाने वाहून आलेली खडी असते. सावलीतल्या फरशी पुलांवर पावसाळ्यात शेवाळ धरते. पाणी वाहत असलेला फरशी पूल सायकलीने ओलांडण्याचा मोह टाळावा. पाणी गुडघ्याखाली असले तरी त्याचा जोर माणसाला पाडू शकतो. वळणावर रस्त्याची डावी बाजू सोडू नये, हेल्मेटचा पट्टा बांधलेला असावा, आणि चढावर घामाने भिजलेल्या अंगावर उतारापूर्वी एक पातळ जाकीट चढवावे.

पाणी, मीठ, साखर

चढावर तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. तहान लागेल तसे घोटघोट पाणी प्यावे. दोन तासांच्या वर फेरी असेल तर लिंबू-मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस सोबत घ्यावे. नुसते साधे पाणी भरमसाट पिणेही बरे नाही, रक्तातले सोडियम उतरते. खाण्यासाठी केळे, चिक्की किंवा गूळ-शेंगदाणे पुरतात. इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मोठ्या फेरीच्या दिवशी मात्रा किती घ्यायची हे डॉक्टरांना आधी विचारावे, आणि ग्लुकोज खिशात ठेवावे. हात थरथरणे, घाम आणि गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची लक्षणे चढाच्या थकव्यात लपून जातात.

रस्ता राखण्याची गरज

युरोपात अशा शांत वाटा मुद्दाम घडवल्या गेल्या. स्पेनमध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे ‘विआ वेर्दे’ झाले. इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये जुन्या लोहमार्गावरील मॉन्सल ट्रेल आज दऱ्यांमधून आणि बोगद्यांमधून सायकली नेतो. महाराष्ट्रात अशा वाटा कोणी बांधल्या नाहीत. सह्याद्रीच्या कड्याने पुढची वाट अडवली, म्हणून त्या आपसूक शिल्लक राहिल्या. फार्महाऊस आणि सहलीची ठिकाणे वाढली की रविवारच्या मोटारी तिथेही पोहोचतात, हे पवनेच्या काठाने दिसतेच. रस्ता रुंद करताना कडेची एक पट्टी पायी चालणाऱ्यांना आणि सायकलींना ठेवली, उतारांवर वेगाला आवर घातला, तर त्याचा पहिला फायदा शाळेत सायकलने जाणाऱ्या गावच्या मुलांना होईल. शहरातून येणाऱ्यांना नंतर. पाहुण्यांनीही रस्ता अडवून रांगेने न थांबणे, वेष्टने तिथे न टाकणे एवढे तरी पाळावे.

पहिल्या वेळी जांभवली गाठलीच पाहिजे असे नाही. निम्म्या वाटेवर, जिथे बोलणे जड होऊ लागेल, तिथे एखाद्या पारावर बसून परत फिरावे. पुढच्या महिन्यात तीच जागा आणखी चार किलोमीटर पुढे सरकलेली असेल. पावसाळ्याच्या दिवसांत पश्चिमेचा वारा जाताना तोंडावर येतो आणि दम काढतो. परत फिरल्यावर तोच पाठीवर येतो आणि कामशेतपर्यंत सोबत करतो.